गायिका मोठी की मेकअप मोठा? पार्लरमधल्या वादातून धंद्याचा धडा



डहाणूच्या बॅचचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्याच्या शेवटी पाचेक मिनिटं नुसता गोंधळ आहे. एडिट करताना तो भाग कापूनच टाकणार होतो, पण परत ऐकला आणि ठेवला. त्या पाच मिनिटांत आख्ख्या दिवसाच्या ट्रेनिंगपेक्षा जास्त माल आहे. आजचा लेख त्याच्यावरच.

झालं काय, तर जेवणाच्या सुट्टीत पार्लरवाल्या ताईंमध्ये वाद लागला. एक म्हणाली, श्रेया घोषालच्या जवळपास कोणी नाही. दुसरी म्हणाली, आवाज ठीक आहे, पण स्टेजवर पब्लिक नाचवायचं तर नेहा कक्कर. तलासरीच्या एक ताई म्हणाल्या, गाणं सोडा हो, रिहाना जामनगरला आली तेव्हाचा मेकअप बघितला का? त्यावर चौथी म्हणाली, तो मेकअप तिचा नाहीच, तिच्या माणसांचा आहे, त्यात तिचं काय कौतुक? आणि मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या.

मी हसत बसलो होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक ताई हळूच म्हणाली, "सर, तुम्हाला गंमत वाटते. माझ्याकडे गिऱ्हाईक असाच फोटो घेऊन येतं. तसं झालं नाही, तर उरलेले पैसे देत नाही."

सगळ्या गप्प झाल्या. कारण हे सगळ्यांबरोबर झालेलं होतं.

फॅन लोकांचा वाद आपल्या दुकानात शिरतो, तेव्हा त्याची किंमत आपण मोजतो. म्हणून हा वाद नेमका कशावर असतो हे समजून घ्या. मग त्यातून दर, किट आणि गिऱ्हाइकाशी बोलणं, तिन्ही नीट लावता येईल.

वाद एक नसतो, तीन असतात

दोन फॅन भांडतात तेव्हा बहुतेक वेळा ते वेगवेगळ्या गोष्टींवर बोलत असतात. एक बोलतो गळ्यावर, म्हणजे सूर, ताल, शब्द. दुसरा बोलतो सादरीकरणावर, म्हणजे स्टेज, नाच, पब्लिकला धरून ठेवणं. तिसरा बोलतो दिसण्यावर, म्हणजे मेकअप, केस, कपडे, दागिने. तिघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या, मग निकाल लागणार कसा?

लता मंगेशकरांचं उदाहरण घ्या. त्यांच्या गाण्यावर लोकांनी पिढ्यान् पिढ्या वाद घातले, लता की आशा यावर घराघरात दोन पक्ष पडले. पण त्या वादात मेकअपचा विषय कुणी काढला का? नाही. कारण पार्श्वगायिका पडद्यामागे असते, चेहरा नटीचा असतो. 1995 साली अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं आणि टीव्हीवर गाणाऱ्या बाईचा चेहराच गाण्याबरोबर विकला जायला लागला. पॉप गाण्यात आवाज आणि रूप हा एकच माल होतो. मग वादही एकत्रच होणार.

आणि हे काही इन्स्टाग्राममुळे सुरू झालेलं नाही बरं का. आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी असाच वाद पेटला होता. एका बाजूला गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व, दुसऱ्या बाजूला ललितकलादर्शचे केशवराव भोसले. दोघांचे चाहते एकमेकांना जुमानायचे नाहीत. शेवटी 8 जुलै 1921 ला मुंबईत दोघं एकाच स्टेजवर उतरले. नाटक होतं खाडिलकरांचं 'मानापमान'. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. टिळक स्वराज्य फंडासाठी हा संयुक्त प्रयोग होता. आज कोणी जिंकलं कोणी हरलं विचारलं, तर जाणकार अजूनही भांडतात.

बालगंधर्व पुरुष होते, पण बायकांची कामं करायचे. त्यांचं लुगडं नेसणं, दागिने घालणं, केसांत फुलं माळणं हे बघून घरंदाज बायका तशी फॅशन करायच्या. म्हणजे गायकाचा लूक कॉपी करणं हे तेव्हाही होतं. तेव्हा फोटो मोबाईलवर येत नव्हता, एवढाच फरक.

चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचा

2011 साली 'बालगंधर्व' सिनेमा आला. पडद्यावर सुबोध भावे. गाणी आनंद भाटे यांच्या गळ्यातली, आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि सुबोध भावेंना बालगंधर्व बनवलं ते विक्रम गायकवाड यांच्या हातांनी. गायकवाडांना मेकअपसाठी एकाहून जास्त वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

आता सांगा, प्रेक्षक थिएटरातून बाहेर पडून "काय सुंदर!" म्हणतो, ते कोणाला? तिघांना. पण नाव ओठावर येतं एकाचं.

त्या चौथ्या ताईचा मुद्दा म्हणून बरोबर होता. मोठ्या गायिकेच्या मागे मेकअप करणारी व्यक्ती वेगळी, केस करणारी वेगळी, कपडे ठरवणारी वेगळी, लाईट लावणारा वेगळा आणि फोटो निघाल्यावर तो साफ करणारा वेगळा. गिऱ्हाईक तुमच्यासमोर जो फोटो धरतं, तो पाच-सहा जणांच्या कामाचा निकाल असतो. आणि तुम्ही एकट्या, एका खुर्चीवर, एका ट्यूबलाईटखाली, साडेतीन हजारात तो निकाल द्यायचा म्हणता. तिथेच गणित चुकतं.

आपल्याकडे मेकअप करणाऱ्याला 'मेकअपमन' म्हणायची सवय आहे. पंढरीदादा जुकर यांच्यासारखी मोठी माणसं या शब्दाने ओळखली गेली. पंढरीदादा 2020 मध्ये गेले, त्यांच्या हाताखाली कितीतरी जण शिकले. पण 'मेकअपमन' या शब्दात 'मन' का आहे, हा विचार केलाय का?

कारण मुंबईच्या सिनेमात बाईला मेकअप आर्टिस्ट म्हणून कार्डच मिळायचं नाही. बायकांनी केस करायचे, चेहरा पुरुषांनी करायचा, असा सिने मेकअप आर्टिस्टांच्या संघटनेचा नियम होता. चारू खुराना या मेकअप आर्टिस्टने 2009 मध्ये अर्ज केला, तो नाकारला गेला. एक कारण बाई असणं, दुसरं महाराष्ट्रात पाच वर्षं राहत नसणं. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. 10 नोव्हेंबर 2014 ला कोर्टाने सांगितलं की हा भेदभाव घटनेच्या विरुद्ध आहे, आणि दोन्ही अटी रद्द केल्या.

तारीख लक्षात ठेवा. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. म्हणजे आपला जिल्हा तीन महिन्यांचा झाला होता, तेव्हा कुठे सिनेमातल्या बाईला चेहरा रंगवायचा हक्क कागदावर मिळाला. आज डहाणू स्टेशनच्या रस्त्यावर, तलासरी नाक्यावर ज्या ताई स्वतःच्या नावाचा बोर्ड लावून बसल्यात, त्यांनी हे काम 'घरबसल्याचा टाइमपास' समजू नये. या कामाच्या हक्कासाठी कोणीतरी कोर्टात लढलंय.

फोटोतला मेकअप मांडवात का चालत नाही

आता कामाचं बोलूया. मी मेकअप शिकवत नाही, धंदा शिकवतो. पण पंधरा-वीस पार्लर जवळून बघितली की काही गोष्टी कळतात, आणि जाणकार ताईंनीही हेच सांगितलं.

एक, हवा. गायिकेचा मेकअप एसी व्हॅनमध्ये होतो आणि मध्येमध्ये टचअप करायला माणूस उभा असतो. आपली नवरी एप्रिल-मेमध्ये, समुद्राच्या दमट हवेत, पत्र्याच्या किंवा कापडाच्या मांडवाखाली चार-पाच तास बसणार. जाड थर दिला की घामाने तो सरकतो आणि नाकाच्या बाजूला, कपाळावर चिरा पडतात. आपल्या हवेत पातळ थर, प्रत्येक थर बसू देणं, आणि घाम पुसायला नाही तर टिपायला टिश्यू देणं, हेच टिकतं.

दोन, लाईट. स्टेजवरचा लाईट मेकअप गिळतो, म्हणून तिथे रंग भडक लावतात. तोच भडकपणा दुपारी बाराच्या उन्हात मुखवटा वाटतो. उलट काही पावडरी साध्या डोळ्यांना छान दिसतात, पण कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक येतो. सिलिकावाली पावडर जास्त झाली, किंवा सनस्क्रीनमध्ये झिंक-टायटॅनियम असलं, तर हे होतं. म्हणून ट्रायलला स्वतःच्या मोबाईलवर एक फोटो फ्लॅश लावून आणि एक फ्लॅशशिवाय काढायचाच. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्याने अख्खं पेमेंट वाचतं.

तीन, हळद. हे मुंबईतल्या क्लासमध्ये कोणी सांगत नाही. आपल्याकडे हळद भरपूर लागते. आठ दिवस आधी ट्रायलला जुळवलेली शेड लग्नाच्या सकाळी जुळत नाही, कारण चेहरा, मान आणि हात पिवळे झालेले असतात. म्हणून लग्नाच्या दिवशी शेड पुन्हा बघायची, आणि मानेवर, हातावरही काम करायचं. चेहरा एका रंगाचा आणि हात दुसऱ्या रंगाचे असा अल्बम आयुष्यभर राहतो.

गोरं करणं म्हणजे मेकअप नव्हे

हा भाग थोडा कडक लिहितोय, राग मानू नका.

मागच्या रांगेतल्या त्या ताईची पूर्ण गोष्ट नंतर कळली. नवरी वारली समाजातली, सावळी, नाकी-डोळी देखणी. फोटो आणला एका गोऱ्या गायिकेचा. ताईंकडे फाउंडेशनच्या दोनच बाटल्या, दोन्ही गोऱ्या शेडच्या. लावलं. घरी आरशात बरं दिसलं. फोटो आले तेव्हा चेहरा राखेसारखा करडा. मुलगी रडली. घरच्यांनी उरलेले पैसे दिले नाहीत. आणि ती बातमी एका पाड्यातून तीन पाड्यांत गेली.

करडा रंग का आला? फिकट फाउंडेशनमध्ये पांढरा रंगद्रव्य जास्त असतो. सावळ्या त्वचेवर तो मिसळत नाही, वर बसतो. खालचा गडद रंग आणि वरचा पांढरा मिळून राखाडी दिसतो. यात नवरीची चूक नाही. ताईंच्या हातात कला नव्हती असंही नाही. किटमध्ये शेड नव्हती, एवढंच.

आता त्या रिहानाकडे परत येऊ. तिने सप्टेंबर 2017 मध्ये फेन्टी ब्यूटी नावाने मेकअपचा धंदा सुरू केला, तो फाउंडेशनच्या 40 शेड एकदम बाजारात आणून. अगदी गोऱ्यापासून अगदी काळ्यापर्यंत. त्याआधी सावळ्या-काळ्या बायकांना दुकानात दोन-तीन शेड मिळाल्या तरी नशीब. लोकांनी डोक्यावर घेतलं. टाइम मासिकाने त्या वर्षीच्या उत्कृष्ट शोधांच्या यादीत तिचं नाव घातलं. मग बाकीच्या मोठ्या कंपन्याही शेड वाढवायला लागल्या. आपल्याकडेही 2020 मध्ये 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' गेलं आणि 'ग्लो' आलं.

यात आपल्यासाठी धडा काय? रिहानाने लोकांना तिच्यासारखं दिसायला लावलं नाही. ज्या गिऱ्हाइकाला दुकानातून परत जावं लागत होतं, त्याच्यासाठी माल ठेवला.

डहाणू-तलासरीत तुमचं बहुसंख्य गिऱ्हाईक कोण आहे? वारली, मांगेला, कोळी, आगरी, कुणबी, थोडे गुजराती, पारशी-इराणी. म्हणजे गव्हाळपासून गडद सावळ्यापर्यंत सगळे रंग. मग किट फक्त गोऱ्या रंगाचं का?

हिशेब मांडा. चाळीस शेड नकोत. एक गव्हाळ, एक सावळी, एक गडद, अशा तीन बाटल्या आणखी घ्या. त्या आणि आहेत त्या मिसळून बहुतेक चेहरे निघतात. समजा बाटली 500 रुपयांची. तीनचे 1,500. सीझनला 15 नवऱ्या केल्या तर एका नवरीमागे 100 रुपये. त्या एका बुडालेल्या पेमेंटपेक्षा हे किती स्वस्त आहे, तुम्हीच बघा. शेड जबड्याच्या कडेला लावून खिडकीच्या उजेडात बघायची, दहा मिनिटं थांबायचं, कारण काही फाउंडेशन हवेने थोडं गडद होतं. डोळ्यांखालच्या काळ्याला सावळ्या त्वचेवर आधी नारंगी करेक्टर, मग फाउंडेशन.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. "आठ दिवसांत गोरं" वाली डबी पार्लरमध्ये ठेवू नका. अशा काही क्रीममध्ये स्टेरॉइड किंवा पारा सापडलेला आहे. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, केस येतात, पुटकुळ्या येतात. पाऱ्याने किडनीवर परिणाम होतो. त्वचेला लावायची बरीच स्टेरॉइड मलमं 2018 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची असा नियम आहे. डबीवर कंपनीचा पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि 'या तारखेआधी वापरा' हे नसेल, तर ती कितीही स्वस्त असो, घेऊ नका. मुलीच्या चेहऱ्याचं नुकसान झालं तर तुमचं नाव जाईल, डबीवाल्याला कोणी शोधणार नाही.

दराचा हिशेब: लोक नाव बघतात, तुम्ही खर्च बघा

"अमुक गायिकेची मेकअप आर्टिस्ट लाखात घेते, तुम्ही साडेतीन हजार का मागता?" असं कोणी म्हणत नाही. म्हणतात उलटं, "शेजारची अडीच हजारात करते." तेव्हा घाबरून दर खाली आणायच्या आधी हे कोष्टक वहीत लिहा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

मेकअपचा माल 600. पापण्या, पिना, कापूस, टिश्यू 250. मदतनीस मुलगी 500. पाड्यावर जायची-यायची रिक्षा 400. ब्रश, ड्रायर, पेटीची झीज 200. फोन आणि जाहिरात 100. तुमचे स्वतःचे पाच तास, ट्रायल आणि प्रवास धरून, तासाला 150 प्रमाणे 750. एकूण 2,800.

साडेतीन हजार घेतले तर 700 उरले. हा नफा. अडीच हजारात केलं तर 300 कमी पडले. ते कुठून गेले? तुमच्या मजुरीतून. म्हणजे पाच तासांचे 750 ऐवजी 450 मिळाले, तासाला 90 रुपये. वर ट्रायलला नवरीसोबत आलेल्या चार बहिणींच्या आयब्रो फुकट केल्या असतील, तर तेही काढा.

इथे बालगंधर्वांची दुसरी बाजू आठवा. कलेत तडजोड नाही म्हणून त्यांनी कपडे, पडदे, दागिने, अत्तर यांवर हात सैल सोडून खर्च केला. लोक वेडे झाले, थिएटरं भरली, तरी कंपनी कर्जात बुडाली. टाळ्या आणि नफा ही दोन वेगळी खाती आहेत. गळा देवाने दिला असला तरी हिशेब माणसालाच ठेवावा लागतो.

नाव आणि गरज यातला फरकही समजून घ्या. आपल्याच वारली लग्नात धवलेरी असते. ती लग्नाची गाणी म्हणते आणि लग्नही तीच लावते. सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, धवलेरी गाते, तेव्हा लग्न होतं. तिचे फॅन क्लब नाहीत, तिच्या मेकअपवर कोणी वाद घालत नाही. डीजे बंद पडला तर लग्न होईल, धवलेरी आली नाही तर खोळंबेल. तुम्हाला प्रसिद्ध नाही व्हायचं. पंचक्रोशीतल्या लग्नघराला "ही ताई आल्याशिवाय नवरी तयार होत नाही" असं वाटलं पाहिजे. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर आहे, मोठ्या कारखान्यांवर इथे बंधनं आहेत. अशा ठिकाणी चांगली सेवा देणाऱ्या छोट्या धंद्याला गिऱ्हाईक टिकवणं हीच खरी पुंजी.

बोर्डावर गायिकेचा फोटो? आधी हे वाचा

तलासरीच्या रस्त्यावर बघा, दर दुसऱ्या पार्लरच्या फ्लेक्सवर एखादी नटी नाहीतर गायिका असते. गुगलवरून उतरवलेली. "सगळेच लावतात सर!" हो, पण बरोबर नाही.

जुलै 2024 मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाने अंतरिम आदेश दिला. नामांकित माणसाचं नाव, आवाज, फोटो, त्याची ओळख परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येणार नाही, असं त्यातून स्पष्ट झालं. ते प्रकरण मुख्यतः एआयने आवाजाची नक्कल करणाऱ्यांचं होतं, पण तत्त्व सगळ्यांना लागू आहे. शिवाय त्या फोटोचा मालक फोटोग्राफर किंवा कंपनी असते.

कायदा बाजूला ठेवला, तरी धंद्याच्या दृष्टीने तो फोटो तुमचाच घात करतो. तुम्हीच बोर्डावर गायिका लावली, मग गिऱ्हाइकाने "अशीच करा" म्हटलं तर चूक कोणाची? त्याऐवजी तुमच्याच तीन नवऱ्यांचे फोटो लावा. एक गव्हाळ, एक सावळी, एक गडद. लेखी परवानगी घेऊन, फिल्टर न लावता. बघणाऱ्या मुलीला वाटलं पाहिजे, "ही तर माझ्यासारखी दिसते."

गाण्याचंही तसंच. लग्नात, वरातीत गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. पण तुमच्या पार्लरच्या जाहिरातीची रील म्हणजे लग्न नव्हे. बिझनेस अकाउंटवर अ‍ॅप जी धंद्यासाठी मोकळी गाणी देतं, तीच वापरा. नाहीतर रीलचा आवाज बंद होतो आणि मेहनत पाण्यात.

गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं तर काय बोलायचं

"हे आपल्याकडे होणार नाही" असं तोडून बोलू नका. आणि "हो हो, डिट्टो करते" असंही नाही. असं बोला:

"ताई, फोटो छान आहे. यातलं तुम्हाला नेमकं काय आवडलं? डोळे, ओठ, केस की चमक?"

हा प्रश्न जादू करतो. दहातल्या बहुतेक जणी एकच गोष्ट सांगतात. डोळे आवडले, किंवा तो अंबाडा आवडला. मग तेवढंच घ्या आणि तिच्या चेहऱ्याला बसवा.

सोबत मावशी किंवा आत्या आलेली असते. ती म्हणते, "जरा उजळ करा हो." तिला उलट उत्तर नको. म्हणा, "मावशी, चेहरा उजळ केला की हात काळे दिसतील फोटोत. रंग तिचाच ठेवते, चमक वाढवते. ट्रायलचा फोटो काढून दाखवते, मग तुम्ही सांगा." मोबाईलवर दोन फोटो शेजारीशेजारी दाखवा. वाद तिथेच मिटतो.

आणि लिहून घ्या. साध्या पावतीवर चार ओळी. काय काय करणार, ट्रायलचा फोटो पसंत आहे, अ‍ॅडव्हान्स किती, उरलेले पैसे मांडवात जायच्या आधी. खाली सही किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके". ट्रायलच्या वेळी कानामागे पॅच टेस्ट करा आणि एक दिवस थांबा, खाज-लाली आली नाही हेही लिहा.

मागच्या रांगेतल्या ताईंनी ट्रेनिंगनंतर तीन शेड घेतल्या आणि पावतीपुस्तक छापलं. त्या मुलीचं लग्न परत येणार नाही, तो सल त्यांच्या मनात आहे. मला फोनवर म्हणाल्या, "सर, तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. मी स्वतः घरी जाऊन आले. म्हटलं, हिचं काम मी करते, ट्रायल आवडली तरच पैसे द्या." घरच्यांनी ट्रायलला पाठवलं. पुढचं काय झालं ते कळेल तेव्हा सांगीन, पण एक सांगतो, चूक मान्य करून परत दार वाजवायला हिंमत लागते, आणि ती हिंमत असलेला धंदा सहसा बुडत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

एक, किट उघडा आणि शेड मोजा. गेल्या दहा नवऱ्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आणा. किती जणींची शेड तुमच्याकडे खरोखर होती?

दोन, वरचं खर्चाचं कोष्टक तुमच्या आकड्यांनी भरा. तासाला किती पडतात ते काढा.

तीन, बोर्डावर परका चेहरा असेल तर पुढच्या वेळी फ्लेक्स बदलताना आपल्या गिऱ्हाइकाचा लावा.

बाकी श्रेया की नेहा, हा वाद खुशाल चालू द्या. पार्लरमध्ये गप्पा रंगल्या की गिऱ्हाईक टिकतं. फक्त हात चालवताना समोरच्या खुर्चीत गायिका नाही, आपल्या गावची लेक बसली आहे, हे विसरू नका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशेब ठेवा, हसत राहा!